एड्सवरील लस आणि अनुकरणाची मर्यादा

पुण्याहून नगर रस्त्यानें निघून भीमेचा पूल ओलांडला, म्हणजे कोरेगांवास डाव्या हाताला वढू बुद्रुकची वाट फुटते. छत्रपति संभाजी महाराजांच्या समाधीमुळें हें गांव अवघ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. शिरूर तालुक्यांतील ह्या गांवाची दुसरीहि एक ओळख आहे, ती मात्र पुण्यांतल्या सुशिक्षित कुटुंबांतसुद्धां फारशी कोणाला नसते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन-केंद्राचा ग्रामीण आरोग्याचा उपक्रम येथें चालतो. भोंवतालच्या २२ गांवांतील जन्म, मृत्यु व स्थलांतरें यांची नोंद येथें २००२ पासून सुरू झाली, आणि अशी चोख नोंद असल्यामुळेंच नव्या लशींची परीक्षा घेण्यास हा मुलूख योग्य मानला गेला. लहान मुलांस जुलाब लावणाऱ्या रोटाविषाणूवरील भारतीय लशीची मोठी परीक्षा २०११ सालीं सुरू झाली, तेव्हां दिल्ली व वेल्लोर यांच्या बरोबरीनें वढूच्या परिसरांतील अर्भकेंहि तींत होतीं. तिन्ही ठिकाणीं मिळून ६,७९९ तान्ह्या मुलांच्या आईबापांनीं संमति दिली. ही लस तीव्र जुलाबांपासून सुमारें ५४ टक्के बचाव करिते असें ठरलें, आणि २०१६ पासून ती सरकारी लसीकरणांत येऊं लागली.

एड्सच्या लशीविषयीं लिहावयाचें असतां आरंभ वढूच्या जुलाबांपासून कां, असें वाचक विचारतील. कारण असें कीं, एड्सच्या लशीविषयीं आमच्याकडे जें लिहिलें-बोललें जातें, त्यांत दोनच सूर ऐकूं येतात. ‘लस आतां आलीच’ हा एक, आणि ‘हिची लस कांहीं होत नाहीं’ हा दुसरा. दोन्ही सूर एकाच समजुतींतून निघतात. ती समजूत अशी कीं, लस करण्याची एक सिद्ध झालेली रीत आहे. वढूस ती फळली, तशी दुसरीकडेहि फळावी. न फळल्यास दोष संशोधकांच्या आळसाचा तरी असावा किंवा पैशाच्या टंचाईचा. या समजुतीचीच परीक्षा प्रस्तुत लेखांत करावयाची आहे.

‘लस’ या शब्दांतच त्या रीतीचा सारा इतिहास आहे. देवीच्या फोडांतून जी लस येई, तीच दुसऱ्याच्या दंडांत टोंचीत. खेड्यांतील वृद्ध माणसें लस टोंचण्यास अजून ‘देवी काढणें’ असें म्हणतात. १४ जून १८०२ रोजीं मुंबईंत अ‍ॅना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीस गाईच्या देवीची लस टोंचण्यांत आली, ती या देशांतील पहिली. पुढें प्लेगाच्या धामधुमींत हाफकिन यांनीं प्लेगाचे जंतु वाढविलेला रस तापवून निर्जीव केला, आणि १८९७ च्या जानेवारींत मुंबईस तो प्रथम आपल्याच अंगांत टोंचून घेतला. जेन्नरपासून हाफकिनपर्यंत आणि हाफकिनपासून वढूपर्यंत या सर्वांचें सूत्र एकच दिसतें, आणि तें अनुकरणाचें आहे. देवींतून उठलेल्या माणसास पुन्हां देवी येत नसत, ही गोष्ट निसर्गानें आधींच दाखवून ठेवली होती. वैद्याचें काम एवढेंच कीं, त्या दुखण्याचें एखादें सौम्य सोंग शरीरापुढें उभें करावें.

रोटाविषाणूच्या बाबतींत तर निसर्गानें हें सोंगहि स्वतःच करून दिलें. १९८० नंतरच्या दशकांत दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंतील नवजात मुलांच्या मळांत एक विषाणु सांपडला; तो त्यांच्या पोटांत होता, पण मुलें मुळींच आजारी नव्हतीं. तोच वाढवून त्याची लस झाली. संशोधकांच्या चिकाटीस कमी लेखण्याचा आमचा हेतु नाहीं; त्या विषाणूपासून त्या लशीपर्यंत जवळजवळ तीस वर्षें लागलीं. तथापि कित्ता समोर होता, हें विसरतां येत नाहीं.

आतां एड्सच्या विषाणूकडे वळूं. हा विषाणु एकदां शरीरांत शिरला, म्हणजे थोड्याच दिवसांत ज्या पेशींनीं शरीराचें रक्षण करावयाचें, त्यांच्याच जनुकांत तो आपला मजकूर लिहून ठेवतो. मग ती पेशी निद्रिस्त राहो कीं जागी असो, तिच्यापासून तो वेगळा काढतां येत नाहीं. इतर बहुतेक रोगांत लशीनें शत्रूस वेशीवर अडविलें नाहीं तरी चालतें. तो गांवांत आला तरी चार दिवसांत त्यास हुसकून लावितां येतें. येथें वेस ओलांडूं देण्याची सोयच नाहीं. शिवाय हा विषाणु आपल्या नकला करितांना इतक्या चुका करितो कीं, एकाच रोग्याच्या शरीरांत त्याचीं असंख्य रूपें नांदतात. आणि त्याच्या आवरणावर शर्करेचें असें दाट कवच असतें कीं, शरीराच्या प्रतिपिंडांस धरावयास जागाच थोडी सांपडते. त्यांतून जी जागा उघडी असते, तीच तो वारंवार पालटतो.

परंतु या सर्वांहून मोठी अडचण निराळीच आहे. आजवर कोट्यवधि माणसांस हा रोग जडला. त्यांतून औषधांवांचून केवळ स्वतःच्या शक्तीनें पूर्ण मुक्त झालेलीं म्हणून शास्त्रीय नियतकालिकांत ज्यांची नोंद झाली, तीं माणसें एका हाताच्या बोटांवर मोजतां येतील. देवींतून उठलेला माणूस गांवोगांव दिसे. एड्समधून तसा उठलेला माणूस नाहीं. मग अनुकरण करावयाचें तें कोणाचें?

सौम्य विषाणूचा शोध येथेंहि झाला, आणि ती हकीकत मोठी बोधक आहे. ऑस्ट्रेलियांत सिडनी येथें एका रक्तदात्याकडून आठ जणांस या विषाणूची बाधा झाली, पण वर्षानुवर्षें त्यांपैकीं कोणाला एड्स होईना. विषाणूच्या जनुकांतील एक भाग गळालेला आहे, असें १९९५ सालीं सिद्ध झालें. दिल्लीच्या नवजात बालकांसारखाच हा प्रकार, असें कोणासहि वाटलें असतें. माकडांवर तसल्या दुबळ्या विषाणूची लस कांहीं काळ फार आशादायक ठरलीहि होती. पण माकडांच्या पिल्लांस त्याच दुबळ्या विषाणूनें एड्स झाला, आणि सिडनीच्या त्या मंडळींतहि कित्येकांच्या रक्षक पेशी १९९९ पर्यंत घटूं लागल्या. सौम्य वाटलेला विषाणु केवळ मंद होता! मंद आणि सौम्य यांतील हा फरक कळावयास दहा-पंधरा वर्षें लागतात, आणि तेवढ्या अवधींत लस हजारोंच्या अंगांत गेलेली असावयाची. ही वाट बंद झाली तें योग्यच झालें.

१९८४ च्या एप्रिलमध्यें अमेरिकेच्या आरोग्यमंत्री मार्गारेट हेक्लर यांनीं, सुमारें दोन वर्षांत लस परीक्षेस तयार होईल, अशी आशा जाहीर केली होती. त्यांची थट्टा करणें आज सोपें आहे. पण ज्या काळीं सर्वांपुढें देवीचा व पोलिओचा कित्ता होता, त्या काळीं दुसरें काय बोललें जाणार? खरा दोष पुढच्या वर्षांचा. कित्ता येथें लागू नाहीं, हें दिसूं लागल्यावरहि अनेक प्रयोग त्याच वळणावर झाले. विषाणूच्या आवरणाचा एक तुकडा टोंचून पाहिला. २००३ सालीं त्याचा उपयोग नाहीं असें ठरलें. सर्दीच्या विषाणूच्या पाठीवर एड्सच्या विषाणूचे भाग लादून टोंचले. २००७ सालीं तो प्रयोग मध्येंच थांबवावा लागला, कारण कांहीं पुरुषांत लस घेतलेल्यांसच बाधा अधिक झालेली दिसली.

आपल्या पुण्याचा वांटाहि यांतलाच. भोसरी येथील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था १९९२ सालीं स्थापन झाली. अलीकडे तिचें नांव बदललें आहे. भारतांतील एड्सच्या लशीची पहिली मानवी परीक्षा याच संस्थेंत २००५ च्या फेब्रुवारींत सुरू झाली. आपल्या देशांत प्रामुख्यानें आढळणाऱ्या ‘क’ जातीच्या, म्हणजे शास्त्रज्ञ ज्यास ‘सी’ म्हणतात त्या विषाणूचीं कांहीं जनुकें एका निरुपद्रवी विषाणूच्या कवचांत घालून ती केली होती. लस निर्धोक ठरली; परंतु तिनें जागी केलेली प्रतिकारशक्ति इतकी क्षीण होती कीं, पुढें तिचा नाद सोडण्यांत आला. त्यानंतर पुणें व चेन्नई येथें दोन निरनिराळ्या लशी एकीमागून एक देऊन पाहण्याचाहि प्रयोग झाला. त्यांतून शिकावयास मिळालें, लस मिळाली नाहीं.

त्या पुण्याच्या परीक्षेस जीं थोडीं निरोगी माणसें पुढें आलीं, त्यांच्याविषयीं आमच्या वाङ्मयांत कोठें दोन ओळी आल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. असल्या लशीनें रोग होत नाहीं, पण शरीरांत प्रतिपिंडें उत्पन्न झालीं तर नेहमींच्या रक्ततपासणींत बाधा असल्याचा खोटा निर्वाळा येऊं शकतो. विवाह, नोकरी, परदेशगमन, रक्तदान या प्रत्येक प्रसंगीं त्याचा खुलासा करीत बसावें लागण्याचा हा धोका पत्करून तीं माणसें दंड पुढें करितीं झालीं. प्रयोग फसला या एका शब्दांत त्यांची वासलात लावणें अन्यायाचें होय.

थायलंडांतील परीक्षेचा निकाल २००९ सालीं लागला. १६ हजारांहून अधिक स्वयंसेवकांपैकीं लस घेतलेल्यांत ५१ जणांस व औषध नसलेली सुई घेतलेल्यांत ७४ जणांस बाधा झाली. म्हणजे बचाव ३१ टक्क्यांच्या आसपास. पहिल्या वर्षीं तो सुमारें ६० टक्के भासला, मग ओसरत गेला. आतां येथें टीकाकारानें थांबून विचार करावा असें एक स्थळ आहे. वढूच्या जुलाबांत ५४ टक्के बचाव आपण आनंदानें पत्करला. मग येथील ३१ टक्के नाकारले कां? जुलाब पुनःपुन्हां होतात. त्यांतील निम्मे तीव्र हल्ले टळले तरी तेवढीं मुलें वांचलीं. एड्सची बाधा जन्मांत एकदांच व्हावयाची असते, आणि ओसरणाऱ्या लशीच्या भरंवशावर माणूस इतर सावधगिरी सोडण्याचा संभव असतो. तरीहि ३१ या आंकड्यांत एक धागा होता: कशामुळें तरी, कांहीं माणसें, कांहीं काळ वांचलीं होतीं.

तो धागा पकडण्याची रीत मात्र पुन्हां अनुकरणाचीच निघाली. थायलंडच्या लशीचें रूप घेऊन, तिला दक्षिण आफ्रिकेंतील विषाणूच्या जातीस अनुसरून फिरवून आणि तिच्या जोडीचें उत्तेजक द्रव्य बदलून, पांच हजारांहून अधिक माणसांवर नवी परीक्षा झाली. २०२० च्या फेब्रुवारींत ती थांबली. लस घेतलेल्यांत १२९ जण बाधित, न घेतलेल्यांत १२३. त्यानंतर २०२१ मध्यें आफ्रिकेंत व २०२३ मध्यें अमेरिका-युरोपांत आणखी दोन मोठ्या परीक्षा अशाच निष्फळ ठरल्या. पहिली लस कां चालली, हें न कळतां तिची आकृति उचलली, असा आक्षेप आम्ही घेतों. जुन्या कवीचें वृत्त उचलून त्याचें काव्य हातीं येत नाहीं, हें मासिकांच्या वाचकांस सांगावयास नको. संशोधकांची बाजूहि आहेच: दक्षिण आफ्रिकेंत माणसें मरत असतां कारणमीमांसा पूर्ण होईतों थांबा, असें कोणीं आणि कोणत्या तोंडानें सांगावें?

पुनर्विचाराची खरी सुरुवात प्रश्न उलटा केल्यापासून झाली. बाधित लोकांपैकीं थोड्यांच्या रक्तांत, पुष्कळ वर्षांनंतर, अशीं प्रतिपिंडें तयार होतात कीं तीं विषाणूच्या नानाविध रूपांस एकदम निष्प्रभ करितात. ज्याच्या रक्तांत तीं होतात, त्याला त्यांचा फारसा लाभ नसतो, कारण विषाणु तोंवर घर करून बसलेला असतो. मग नव्या विचारवंतांनीं असें ठरविलें कीं, विषाणूपासून लशीकडे न जातां या प्रतिपिंडापासून मागें जावें. तें ज्या पेशींत जन्मलें, तिच्या मूळ अवस्थेपर्यंत पोंचावें. आणि निरोगी माणसांतील तसलीच दुर्मिळ कोंवळी पेशी हेरून तिला पायरीपायरीनें शिकवावें. गवयाच्या तालमीशीं याची तुलना करितां येईल. चांगला उस्ताद पहिल्याच दिवशीं शागिर्दापुढें दरबारी मांडीत नाहीं. महिनोगणती एकाच स्वरावर त्याला बसवितो. जुन्या लशी म्हणजे मैफलींत नेऊन बसवायचें आणि ऐकून ऐकून गळा तयार होईल म्हणावयाचें, अशांतला प्रकार होता. देवीच्या बाबतींत शरीराचा गळा उपजतच तयार होता, म्हणून तें साधलें.

ह्या नव्या रीतीच्या पहिल्या पायरीचें फळ २०२२ सालीं प्रसिद्ध झालें. लस दिलेल्या ३६ जणांपैकीं ३५ जणांत ती हवी असलेली पेशी जागी झाली. लशींच्या जगांत असा निर्मळ निकाल क्वचित् पाहावयास मिळतो. आफ्रिकेंत रवांडा व दक्षिण आफ्रिका येथेंहि पहिला धडा पेशींनीं घेतला, असें २०२५ मध्यें प्रसिद्ध झालें.

परंतु ज्या न्यायानें जुन्या रीतीस तपासलें, त्याच न्यायानें हिलाहि तपासलें पाहिजे. पहिला स्वर लागला म्हणजे राग आला नव्हे. पूर्ण तयार झालेलें प्रतिपिंड अजून कोणत्याहि निरोगी माणसांत पुरेशा प्रमाणांत लशीनें उत्पन्न झालेलें नाहीं. तें झालें तरी एकटें पुरणार नाहीं. असलेंच एक तयार प्रतिपिंड साडेचार हजारांहून अधिक माणसांच्या शिरेंतून देऊन पाहिलें होतें. त्याचा निकाल २०२१ मध्यें आला: विषाणूच्या ज्या रूपांस तें बाधतें, त्यांची लागण सुमारें ७५ टक्के घटली, पण अशीं रूपें थोडीं, त्यामुळें एकंदरींत लाभ दिसला नाहीं. म्हणजे एका शागिर्दावर भागत नाहीं, तीनचार निरनिराळ्या घराण्यांचे शागीर्द तयार करावे लागणार. त्यास सुया किती? क्रम कोणता? शिवाय नव्या तऱ्हेच्या कांहीं लशींनीं स्वयंसेवकांच्या अंगावर पित्त उठलें आणि कित्येकांचें तें दीर्घ काळ टिकलें, हीहि गोष्ट लपविण्यासारखी नाहीं. प्रयोगशाळेंत जी लस सात सुयांनीं सिद्ध होईल, ती शिरूरच्या आठवडे बाजारास येणाऱ्या शेतमजुराच्या वेळापत्रकांत कशी बसावयाची, याचा विचार शेवटच्या पायरीवर ठेवून चालणार नाहीं.

येथें एक प्रतिपक्ष उभा राहतो, आणि तो दुर्बळ नाहीं. तो म्हणतो, लस हवी कशाला? २०२४ मध्यें लेनाकापाविर नांवाच्या औषधाची परीक्षा झाली. वर्षांतून दोन सुया घेणाऱ्या २,१३४ स्त्रियांपैकीं एकीसहि बाधा झाली नाहीं. हैदराबादच्या दोन कंपन्या २०२७ पासून तें वर्षास सुमारें ४० डॉलरांत देणार असल्याचें जाहीर झालें आहे. अमेरिकेच्या सरकारनें २०२५ मध्यें एड्सच्या लशीवर काम करणाऱ्या दोन मोठ्या संशोधन-संघांचें साहाय्य पुढें न चालविण्याचें ठरविलें, त्यामागें ‘आतां दुसरे उपाय आहेत’ हाच युक्तिवाद होता.

या युक्तिवादाची कसोटी भीमेपलीकडच्या दौंडास घ्यावी. शिरूरचा हा शेजारचा तालुका. मनमाडकडील लोहमार्ग येथें सोलापूरच्या मार्गास मिळतो. सोलापूरच्या रस्त्यानें यवत, पाटस, कुरकुंभ ओलांडीत रात्रंदिवस मालमोटारी धांवतात. उसाच्या हंगामांत बीडकडील तोडणी कामगारांच्या टोळ्या बिऱ्हाडांसह येऊन सहा महिन्यांत निघून जातात. औषधाची सुई सहा महिन्यांनीं पुन्हां घ्यावी लागते, आणि तोंवर ती टोळी कोणत्या जिल्ह्यांत असेल तें मुकादमासच ठाऊक. पण ही अडचण व्यवस्थेची आहे. प्रयत्नानें ती सुटेल. न सुटणारी अडचण निराळी. ती सुई घेण्यास आपणांस धोका आहे हें माणसाला अगोदर कळावें लागतें.

पुण्याच्या गुप्तरोग-चिकित्सालयांत १९९३ ते १९९६ या काळांत तपासलेल्या स्त्रियांविषयींचा एक निबंध १९९७ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील ३९१ स्त्रिया वेश्याव्यवसायांतील नव्हत्या. त्यांपैकीं १३.६ टक्के स्त्रियांस बाधा आढळली, आणि या ३९१ मधील बहुतेकींचा जन्मांत पतीवांचून कोणाशींहि संबंध आलेला नव्हता. अशी स्त्री कोणत्या चिकित्सालयांत जाऊन, कोणत्या कारणासाठीं प्रतिबंधक सुई मागणार? मागितली, तर घरीं काय सांगणार? पतीवर अविश्वास दाखविल्यावांचून तिला ती मिळणार नाहीं. लहानपणीं वा शाळेंत असतां सर्वांबरोबर टोंचलेली लस मात्र कोणावर संशय घेत नाहीं, कोणास कारण विचारीत नाहीं. औषधाच्या कैवाऱ्यांनीं या स्त्रीपुरतें उत्तर द्यावें. जगांत २०२४ या एका वर्षांत १३ लाख नव्या बाधा झाल्या, आणि भारतांतील सुमारें २५ लक्ष बाधितांपैकीं सर्वाधिक महाराष्ट्रांत आहेत. औषध जरूर यावें, लवकर यावें. परंतु त्याच्या निमित्तानें लशीचें काम अर्ध्यावर सोडणें आम्हांस मान्य नाहीं.

उद्यां नव्या रीतीच्या लशीची परीक्षा पुन्हां पुण्यांत झाली, तर स्वयंसेवकाच्या हातीं मराठींत जें संमतिपत्र जाईल, त्याची भाषा आम्हांस पाहावयाची आहे. वढूच्या आयांस सांगतां आलें कीं, या थेंबांनीं तुमच्या बाळाचे जुलाब टळण्याचा संभव आहे. येथें तसें सांगतां येणार नाहीं. येथें खरें लिहावयाचें तर असें लिहावें लागेल: ‘या सुईनें तुमचा बचाव होणार नाहीं. पुढें कोणती सुई द्यावी हें कळावें, म्हणून तुमच्या शरीरांतील एक विशिष्ट पेशी हा पहिला धडा घेते कीं नाहीं, एवढेंच आम्हांस पाहावयाचें आहे.’ हीं दोन वाक्यें वाचून शिरूर-दौंडकडील किती माणसें सही करतील, याविषयीं शहरांतील डॉक्टरमंडळी साशंक असतात. आम्ही तितके साशंक नाहीं; मात्र तीं वाक्यें पहिल्या पानावर, मोठ्या टाइपांत असावींत.